शिसारीला कलम नाही

लॅबमध्ये सगळे तिला ताईच म्हणत, वयाने मोठी माणसंसुद्धा. रक्त-लघवी तपासायच्या त्या लॅबमध्ये तिची निम्मी हयात गेली होती. सकाळी शटर वर गेलं की काउंटरवर डब्या येऊन पडत. कुणाची थुंकी, कुणाचा शौचाचा नमुना, कुणाच्या गळवातला पू. नव्या मुली पहिल्या आठवड्यात नाकाला रुमाल लावत आणि दुसऱ्या आठवड्यात दुसरी नोकरी शोधत. ताई मात्र काचपट्टीवर नमुना पसरायची, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायची, काम संपलं की हात खसाखसा धुवायची आणि पलीकडच्या खोलीत बसून शांतपणे डबा खायची. "शरीर आहे बाई," ती मुलींना म्हणायची. "त्यातून अत्तर थोडंच निघणार?"

अशा बाईला एका माणसाची शिसारी आली, आणि तो माणूस तिचा नवरा निघाला.

नवरा वाईट होता म्हणावं तर तसंही नव्हतं, आणि सगळी अडचण तिथेच होती. तो पंखे आणि फ्रीज विकायच्या मोठ्या दुकानात विक्रेता होता. तोंडात साखर. पंखा बघायला आलेलं गिऱ्हाईक फ्रीज घेऊन जायचं आणि वर त्याचेच आभार मानायचं. दारू नाही, जुगार नाही, बाहेरख्यालीपणा नाही, बायकोवर कधी हात उचलला नाही. आळीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना त्याचं उदाहरण द्यायच्या. ताईलाही पुष्कळ वर्षं तो बराच वाटायचा. थोडा बडबड्या, थोडा मोठेपणा मिरवणारा. पण असतो एखाद्याचा स्वभाव, असं म्हणून ती सोडून द्यायची. मुलगी शिकून दुसऱ्या गावी नोकरीला लागली आणि घर दोघांचं झालं.

मग ताईच्या आईला पक्षाघात झाला. अर्धं अंग लुळं पडलं, तोंड वाकडं झालं आणि वाचा गेली. धाकट्या भावाचं घर एका खोलीचं, म्हणून ताईने आईला आपल्याकडे आणलं आणि मागच्या खोलीत खाट मांडली. दिवसा बघायला एक आया ठेवली, सगळे तिला मावशी म्हणत. ताई कामावरून आली की मावशी जायची आणि पुढचं सगळं ताई करायची. कुशीवर वळवणं, पुसणं, कपडे बदलणं, पाठीच्या जखमा धुणं. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. कामावर परक्यांचं करत होती, इथे तर जन्मदातीचं.

नवरा त्या खोलीचा उंबरा कधी ओलांडत नसे. जेवायला बसताना म्हणायचा, "ते दार जरा लोटून घे." एकदा त्याने सुवासिक फवाऱ्याची बाटली आणली, आणि मग रोज दुकानात जाताना दारातूनच हात लांब करून खोलीत फुसफुस करायचा. म्हातारीची वाचा गेली होती, समज गेली नव्हती. फवाऱ्याचा आवाज आला की ती तोंड भिंतीकडे वळवायची. ताईने ते बघितलं होतं आणि गिळलं होतं. सगळ्यांना जमत नाही, हेही तिने स्वतःला समजावलं होतं. इतरांना जे जमत नाही ते आपल्याला जमतं म्हणून त्यांना नावं ठेवायची तिची रीत नव्हती.

वर्षभराच्या आत आई गेली. भेटायला आलेल्या माणसांमध्ये नवरा बसला होता. कुणीतरी म्हणालं, "फार हाल झाले नाहीत ना?" नवऱ्याने डोळे टिपले आणि म्हणाला, "हाल होऊ दिले नाहीत मी. या हातांनी केलं सगळं. सासू म्हणून नाही, आई म्हणून."

ताई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिला वाटलं, दुःखात माणूस काहीबाही बोलतो. मावशी तिथेच कोपऱ्यात बसली होती. तिने ताईकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

पण ते काहीबाही नव्हतं. ती सुरुवात होती. दुकानात, लग्नकार्यात, डॉक्टरच्या दवाखान्यात बाकावर बसल्या बसल्या, जिथे चार कान मिळतील तिथे नवरा सासूची सेवा सांगू लागला, आणि प्रत्येक वेळी ती सेवा थोडी वाढायची. आधी नुसतं 'केलं' होतं. मग चादरी आल्या. मग चादरींवर काय असायचं ते आलं. मग ते धुताना त्याला पहिल्यांदा कशी उलटी झाली आणि त्याने मनावर कसा ताबा मिळवला, ते आलं. शेवटी म्हातारी हात जोडून म्हणाली, "तू जावई नाहीस, माझा मुलगा आहेस." इथे ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत हमखास पाणी यायचं.

एकदा घरी आल्यावर ताई म्हणाली, "तिची वाचा गेली होती."

"अगं, पण भावना तीच होती ना?"

"तुम्ही त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नाहीत."

"आता तू हिशोब काढणार?" तो हसला. "लोकांना ऐकून बरं वाटतं. कुणाचं काय जातं?"

"माझ्या आईचं जातं. तिची अब्रू जाते. ती काय घाण करायची हे चार लोकांत सांगू नका. एवढंच मागते."

"बरं बाई, नाही सांगत," तो म्हणाला आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा सांगितलं.

शेवटचा घास अडकला तो एका जेवणाच्या वेळी. दुकानाचे मालक आणि मालकीणबाई घरी जेवायला आले होते. ताईने दिवसभर खपून स्वयंपाक केला होता. ताटं वाढली, दोन घास झाले, आणि मालकीणबाई सहज म्हणाल्या की त्यांचे सासरे आजारी असतात. नवऱ्याने हातातला घास ताटात ठेवला. गोष्ट सुरू झाली. या वेळी त्याने म्हातारीचं वाकडं तोंड करून दाखवलं. ओठ एका बाजूला ओढले, एक डोळा अर्धा मिटला, लाळ गळाल्यासारखी हनुवटी पुसली आणि घशातून तसाच आवाज काढला. अगदी हुबेहूब. उंबऱ्यावरून का होईना, बघितलं त्याने नीट होतं. मालक गंभीर चेहऱ्याने मान हलवत होते.

ताई उठली, न्हाणीघरात गेली आणि भडाभडा ओकली. जिला पू बघून कधी मळमळलं नाही, ती भिंतीला हात टेकून पोटातलं शेवटचं पाणी येईपर्यंत ओकत राहिली. बाहेर नवरा म्हणत होता, "हिचा जीव नाजूक आहे. म्हणून तर सगळं मला करावं लागलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एका बॅगेत कपडे भरले आणि लॅबच्या मागच्या गल्लीत जिन्यावरची एक खोली भाड्याने घेतली. नवऱ्याला सांगितलं, "मी परत येणार नाही." तो म्हणाला, "थकली आहेस. चार दिवस राहून ये."

चार दिवसांचे महिने झाले तेव्हा ती वकीलबाईंकडे गेली. वकीलबाई तिच्याच वयाच्या, चष्मा कपाळावर चढवून बोलणाऱ्या. त्यांनी ठरलेले प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारले.

"मारतात?"

"नाही."

"दारू? दुसरी बाई?"

"नाही."

"घरातून हाकलून दिलं?"

"नाही, मीच निघाले."

"मग झालं तरी काय, ताई?"

ताईने सांगितलं. सांगताना तिची जीभ जड झाली, कारण सांगायचं तर आईची चादर तिलाही उच्चारावी लागली. वकीलबाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"तुम्हाला शिसारी आली आहे. मला कळतं. पण शिसारीला कलम नाही. कायद्यात सुटायला दोन दारं. एक दोषाचं. व्यभिचार, छळ, सोडून जाणं, असा समोरच्याचा दोष दाखवायचा आणि पुराव्याने शाबीत करायचा. नुसतं म्हणून चालत नाही. दुसरं बिनदोषाचं. तिथे कोण चुकलं हे कुणी विचारत नाही. दोघांनी मिळून सही करायची, आमचं जमत नाही, आम्हाला मोकळं करा. काही ठिकाणी पुष्कळ वर्षं वेगळं राहिलं की एकट्यालाही मागता येतं. आपल्याकडे तीही सोय नाही."

"मग दुसरं दार," ताई म्हणाली. "मला त्यांचा दोष नको. फक्त ते नकोत."

वकीलबाईंनी नवऱ्याला बोलावलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला, कारकुनाची चौकशी केली, पंखा कुठल्या कंपनीचा ते विचारलं आणि खुर्चीत नीट बसला.

"सही मी का करू?" तो म्हणाला. "माझा दोष दाखवा, आत्ता करतो."

"या अर्जात दोष लिहायचाच नसतो," वकीलबाई म्हणाल्या. "म्हणूनच तो बरा. तुमच्यावर काहीच येत नाही."

"बाई, मी माल विकतो. गिऱ्हाईकाने वस्तू परत आणली आणि कारण सांगितलं नाही, तर लोक काय म्हणतात? वस्तूतच काहीतरी खोट असणार. कारण लिहिलं नाही की लोक आपापलं कारण भरतात. नपुंसक म्हणतील, बाहेर भानगड म्हणतील. मी नाही सही करणार." मग ताईकडे वळून, मायेने म्हणाला, "घरी चल. मी कधी तुला काही बोललो का?"

ताईला त्याच्या शर्टाला येणारा फवाऱ्यासारखा वास आला. ती उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली.

तो गेल्यावर उरलं पहिलं दार. आठवड्याने वकीलबाईंनी छळाचा अर्ज तयार करून तिच्या हातात ठेवला. ताई वाचू लागली. त्यात नवरा दारू पिऊन यायचा, केस धरून भिंतीवर आपटायचा, उपाशी ठेवायचा. तिने पान उलटून पुन्हा नाव बघितलं.

"हा माणूस कोण?"

"असं लिहावं लागतं," वकीलबाई म्हणाल्या. "सगळेच लिहितात. नऊ हात काकडी लिहावी तेव्हा कोर्ट वीतभर धरतं."

"तो खोटं सांगतो म्हणून मी घर सोडलं. आता मी खोटं लिहून सुटू?" ताईने कागद टेबलावर ठेवले आणि बोटं रुमालाला पुसली. "त्याच्यासारखंच झालं हे. थोडं थोडं वाढवत न्यायचं. ऐकणाऱ्याला बरं वाटतं म्हणून."

वकीलबाई रागावल्या नाहीत. कोऱ्या कागदावर पेन टेकवून म्हणाल्या, "बरं, मग खरं लिहू. मानसिक छळ. सासूच्या आजारपणाची विटंबना करून पत्नीला राहणं असह्य केलं. अवघड आहे, पण अशक्य नाही. मात्र त्यांनी काही केलं नाही, सगळं तुम्ही केलं, हे दाखवावं लागेल. साक्षीदार आहे?"

मावशी एका शब्दावर तयार झाली. "मी सांगते ना. देवाशपथ सांगते. फुसफुस करण्याखेरीज त्या माणसाने काही केलं नाही."

साक्षीची तालीम वकीलबाईंच्या कचेरीत झाली. ताई बाजूला बसली. वकीलबाईंनी समोरच्या वकिलाचं सोंग घेतलं आणि आवाज करडा केला.

"दिवसातून किती वेळा कपडे बदलावे लागत?"

मावशीने सांगितलं.

"एकट्याने उचलता यायचं? कोण पाय धरायचं, कोण पुसायचं? जखम कुठे होती? तिथे अळ्या झाल्या होत्या हे खरं का? म्हणजे तुम्ही आणि मुलीने हयगय केली, म्हणूनच जावयाला लक्ष घालावं लागलं ना?"

"अळ्या नव्हत्या," मावशी कळवळून म्हणाली. "वास यायचा, पण अळ्या नव्हत्या. मी सांगते ना, मांडीच्या इथून..."

"बस," ताई म्हणाली.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.

"बस करा. कोर्टात हेच विचारतील?"

"यापेक्षा वाईट विचारतील," वकीलबाई म्हणाल्या. "आणि उलट तुमचे मिस्टर आपली बाजू सांगतील. सविस्तर."

ताईच्या डोळ्यांसमोर ते उभं राहिलं. आईची खाट कोर्टाच्या मधोमध. एका बाजूने नवरा चादर ओढतोय, दुसऱ्या बाजूने ती. कारकून टाइप करतोय. आपण जिंकू किंवा हरू. म्हातारी मात्र दोन्हीकडून उघडी पडणार.

"अर्ज करायचा नाही," ती म्हणाली आणि मावशीला हाताला धरून जिना उतरली. खाली आल्यावर मावशी म्हणाली, "मी काही चुकीचं बोलले का?" "नाही गं," ताई म्हणाली. "तू खरंच बोललीस. म्हणून तर ऐकवलं नाही."

मग बराच काळ काही घडलं नाही. ताई लॅबमध्ये जायची, खोलीवर यायची. लोकांनी नवऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे कारणं भरायला सुरुवात केलीच होती, फक्त ती सगळी तिच्या नावावर भरली. पाळी जायच्या वयात बायकांचं डोकं फिरतं. पगाराची मस्ती. लॅबमधल्या डॉक्टरशी काहीतरी असेल. तो डॉक्टर सत्तरीचा होता आणि त्याला जिना चढवत नव्हता, पण तेवढं बघायला कुणाला वेळ होता?

परित्यागाचा, म्हणजे सोडून गेल्याचा दावा करायला लागणारा दोन वर्षांचा काळ भरला, आणि एक दिवस कोर्टाचा शिपाई लॅबमध्येच आला. नवऱ्यानेच घटस्फोट मागितला होता. पत्नी वाजवी कारणाशिवाय, संमतीशिवाय घर सोडून गेली आणि परत आली नाही. सोडून जाण्याचा दोष, तिचा.

धाकटा भाऊ धावत आला. "करून सवरून हा नामानिराळा, आणि दोषी तू? ताई, आता लढायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी होऊ द्यायची नाही."

वकीलबाईंनाही चेव चढला होता. "हे आपल्या पथ्यावर पडलं आहे. आता आपण म्हणू, घर सोडलं ते योग्य कारणाने. ज्याने राहणं असह्य केलं, सोडून गेला तो तोच, भले तो घरातच बसलेला असेना. कायदा हे मानतो."

"कारण सांगावं लागेल?"

"अर्थात."

"खाट परत कोर्टात न्यावी लागेल."

वकीलबाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"मी विरोध केला नाही तर?"

"तर निकाल त्यांच्या बाजूने. दोष तुमचा म्हणून कागदोपत्री राहील. पोटगी मागायला गेलात तर तो आडवा येईल."

"पोटगी कोण मागतंय?"

"आणखी एक. दोघांनी आतून संगनमत केलं असं दिसलं तर न्यायाधीश अर्ज फेटाळतील. एकाचा दोष दाखवून सुटायचं असेल तर तो खरा असावा लागतो."

"खराच आहे," ताई म्हणाली. "मी सोडून गेले. कुणी काढलं नाही, कुणी ढकललं नाही."

भाऊ चिडून उभा राहिला. "आयुष्यभर कपाळावर शिक्का घेऊन फिरशील?"

"भीक नको पण कुत्रं आवर, असं झालंय माझं. तू बस खाली."

कोर्टाची खोली लहान होती. रंगाचे पोपडे निघालेले, खुर्च्या साखळीने एकमेकींना बांधलेल्या. नवरा पिंजऱ्यात उभा राहिला आणि त्याने घसा साफ केला. बायको एके दिवशी सकाळी बॅग घेऊन गेली हे त्याने चांगलं सांगितलं. मग त्याचा आवाज ओलसर झाला.

"साहेब, जिच्या आईची मी या हातांनी सेवा केली..."

"ते या प्रकरणात येत नाही," न्यायाधीश कागदातून मान वर न करता म्हणाले.

"नाही साहेब, मी म्हणतोय, तिची चादर..."

"विचारलं तेवढंच सांगा. परत आणायला गेला होतात का?"

"हो," नवरा म्हणाला. त्याचं तोंड थोडा वेळ उघडंच राहिलं. त्याची गोष्ट कुणी अर्ध्यावर तोडल्याचं ताईने पहिल्यांदाच बघितलं. तिच्या शिसारीला कलम नव्हतं, तसं त्याच्या सेवेलाही नव्हतं.

मग तिला विचारलं.

"घर तुम्ही स्वतःहून सोडलंत?"

"हो."

"परत जायची तयारी आहे?"

"नाही."

"सोडण्याचं कारण?"

खोलीत पंखा कुरकुरत होता. वकीलबाई तिच्याकडे बघत होत्या, भाऊ मागच्या खुर्चीवरून पुढे वाकला होता.

"सांगायचं नाही," ताई म्हणाली.

न्यायाधीशांनी या वेळी मान वर केली, तिच्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं.

निकाल त्याच्या बाजूने लागला. वकीलबाईंनी प्रत आणून दिली तेव्हा ताईने ती एकदाच वाचली. 'सोडून गेली' याचं तिला काही वाटलं नाही. 'वाजवी कारणाशिवाय' हे शब्द मात्र दातात अडकलेल्या तुसासारखे तिला पुढे कित्येक दिवस टोचत राहिले. आपण मोकळ्या झालो की तो घाणेरडेपणा अंगावरून उतरेल, अशी तिची समजूत होती. तसं काही झालं नाही. साबण लावून निघणारी ती घाण नव्हती. गल्लीत नवऱ्याची नवी गोष्ट फिरू लागली होती, टाकलेल्या नवऱ्याची, आणि म्हणे आताशा तो ती सांगताना रडत नसे, फक्त मंद हसत असे. ते हसू ताईला न बघताही दिसायचं.

मुलगी सुट्टी काढून आली. आल्या आल्या भांडली. "तू एकदा तरी मोठ्याने सांगायला हवं होतंस. मला फोनवर बाबा काय काय सांगतात माहीत आहे? मी ऐकून घेते. मला काय उत्तर द्यायचं तेच कळत नाही."

"तुला खरं माहीत आहे ना?"

"मला आहे. लोकांना नाही."

"लोकांना आजीच्या चादरीतलं कशाला माहीत हवं?"

जिन्यावरून कुणीतरी बादली घेऊन चाललं होतं, तिच्या कडीचा आवाज खालपर्यंत गेला.

"पण मग बाबा जिंकले," मुलगी हळू म्हणाली.

"हो, जिंकला," ताई म्हणाली. "कागदावर तर जिंकलाच."

"तुला राग येत नाही?"

ताईने विचार केला. "राग नाही येत. घाण वाटते अजून. रस्त्यात पाठमोरा कुणी त्याच्यासारखा दिसला तरी पोट ढवळतं. जाईल कदाचित. नाहीही जाणार." तिने गॅसवरचं भांडं उतरवलं. "पण जेवण जातं आता. मध्ये तेही जात नव्हतं. ताट घे, बस."

मुलगी आठ दिवसांसाठी आली होती, ती महिनाभर राहिली. जायच्या आधी तिने खोलीच्या दारावरची सासरच्या आडनावाची जुनी पाटी काढून तिथे आईच्या नावाची पाटी लावली, आईच्या माहेरच्या आडनावाची.